रस आटवताना (भाग ९) : पैसे तळाचे मोजा

आज थर्मामीटरवर लिहायचे ठरले होते. तो विषय आठवडाभर थांबेल. गेल्या भागानंतर आलेल्या दोन पत्रांनी मला भांड्याकडे ओढले. भांडे ठरल्याशिवाय थर्मामीटर बुडवायचा तरी कशात?

पहिले पत्र करवीर तालुक्यातल्या एका वाचकांचे. काही गुंठ्यांत त्यांनी सेंद्रिय ऊस केला आहे. तो कारखान्याला घालायचा नाही, आणि गुऱ्हाळावर न्यावा तर एक आधण भरेल इतका रस एका वेळी निघत नाही. त्यांना घरीच काकवी करून बाटल्यांत भरून विकायची आहे. ते विचारतात, ‘काहिल म्हटले की सगळे आठ फुटांचीच दाखवतात. आमच्या शंभर लिटर रसाला काय घ्यावे?’ दुसरे पत्र कॅनडातल्या ओन्टारियोहून, मूळच्या साताऱ्याकडच्या एका ताईंचे. त्यांच्या घरामागे मेपलची तीन थोराड झाडे आहेत. मार्चमध्ये रात्री पाणी गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन असे दिवस लागले की त्या झाडांतून रस वाहू लागतो. तो आटवण्यासाठी तयार मिळणाऱ्या पॅनची किंमत पाहून त्यांनी हात आखडता घेतला.

एक उसाचा, दुसरा मेपलचा; मधे अर्धी पृथ्वी. तरी दोघांना माझे उत्तर एकच आहे. भांडे किती लिटरचे आहे, किती जाड आहे, किती चकचकीत आहे याचे पैसे मोजू नका. आगीवर बसणाऱ्या तळाचे क्षेत्रफळ किती, त्याचे मोजा.

आधी किती पाणी उडवायचे आहे ते पाहू. मेपलच्या रसात साखर असते जेमतेम दोन टक्के. म्हणून चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक हाती येतो. एकोणचाळीस लिटर पाणी वाफ होऊन जाते. उसाचा रस अठरा ब्रिक्सचा, म्हणजे वजनात अठरा टक्के साखरेचा, धरला तर त्याच चाळीस लिटरांतून, मळीबरोबर जाते ते सोडून, आठ लिटरांच्या आसपास काकवी मिळते आणि पाणी उडवावे लागते बत्तीस लिटर. माडाची नीरा साधारण पंधरा ब्रिक्सची, म्हणजे उसाच्या जवळची. माल किती मिळतो यात जमीन-अस्मानाचा फरक, पण भांड्याच्या मानेवरचे ओझे जवळपास सारखेच! ओन्टारियोच्या ताईंच्या पदरी चाळीस लिटरांमागे एकच लिटर पडणार असल्यामुळे भांड्यावर फार खर्च करणे त्यांना तर मुळीच परवडणारे नाही.

आता हे पाणी उडते कसे? उकळत्या रसाला उष्णता मिळते ती तळातून, म्हणून वेग ठरतो तळावरून. मेपलवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे. सपाट तळाच्या पॅनखाली लाकडाचा जोरदार जाळ सगळीकडे सारखा लागला, तर दर चौरस फुटाला तासाला एक अमेरिकन गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी उडते. हा ठोकताळा मी आपल्या कोल्हापूरच्या काहिलीला लावून पाहिला आणि मन प्रसन्न झाले. आठ फूट व्यासाच्या काहिलीचा तळ होतो पन्नास चौरस फूट. तासाला दोनशे लिटरांच्या आसपास पाणी उडायला हवे. आठशे लिटरांच्या आधणातून सहाशेच्या वर पाणी काढायचे, तर तीन-साडेतीन तास. गुऱ्हाळावर एक आधण उतरायला अडीच-तीन तास लागतात हे तिथे रात्र काढलेल्या कुणालाही विचारा. काहिल ठोकणाऱ्याने कधी मेपलच्या मुलखातले व्हरमाँट पाहिले नाही आणि व्हरमाँटवाल्याने कधी कोल्हापूर पाहिले नाही, पण दोघांनी रुंद, उथळ, सपाट भांडेच केले.

उथळपणाला दुसरेही कारण आहे. रस जितका वेळ उकळत राहील तितका काळवंडतो, आणि उसाचा रस मुळात आंबूस असल्यामुळे त्यातली साखर फुटत जाते. म्हणून शंभर लिटरचे खोल पातेले चुलीवर चढवून दिवसभर रटरटत ठेवणे हा सर्वांत महागडा स्वस्त मार्ग. पातेले घरात असते, नवे काही घ्यावे लागत नाही. पण इंधन, वेळ आणि मालाचा रंग या तिन्हींत ते पैसे वसूल करते.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती न कळल्यामुळे लोक मोठे पॅन घेऊन पस्तावतात. तो ठोकताळा लाकडाच्या जाळाचा आहे. घरातल्या गॅसच्या मोठ्या शेगडीची ताकद अडीच-तीन किलोवॅट. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त भांड्यात शिरते. एवढ्या उष्णतेत तासाला अडीच लिटर पाणी उडाले तरी खूप झाले. तिच्यावर दोन फुटी परात ठेवा की एक फुटी, आकडा हलणार नाही. तिथे आडकाठी भांड्याची नसून ज्योतीची आहे. चाळीस लिटर मेपलचा रस अशा एका शेगडीवर आटवायचा तर सोळा तास लागतील, साडेतीन किलोच्या आसपास गॅस जळेल, आणि एकोणचाळीस लिटर पाणी तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतींवर जाऊन बसेल. म्हणून आधी आग मोजा, मग भांडे पाहा. ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी हे काम अंगणातच करावे.

आमच्या सिंगापुरात अंगण नाही. फ्लॅटमध्ये जाळ पेटवायची सोय नाही, त्यामुळे माझे सगळे प्रयोग चार-पाच लिटरांचे. हॉकर सेंटरच्या रसवाल्याकडून बर्फाशिवाय आणि लिंबाशिवाय रस भरून घ्यायचा. लिंबाशिवाय हे दोनदा सांगतो, कारण लिंबाच्या आंबटाने साखर आणखी फुटते आणि चव बिघडते. पण भांड्यांच्या बाबतीत हे शहर गुरू आहे. इथल्या कुठल्याही भात-भाजीच्या ठेल्यावर काचेमागे रांगेने स्टीलचे आयताकृती ट्रे मांडलेले दिसतील. एकात कोबी, एकात मासळी, एकात अंड्याची आमटी. जगभरच्या हॉटेलांत हेच ट्रे आहेत, कारण त्यांचे माप ठरलेले आहे: पूर्ण ट्रे ५३० बाय ३२५ मिलिमीटर, आणि खोली ६५, १००, १५० किंवा २००. हे माप कडेसकट, तळ भरतो दीड चौरस फुटाच्या आसपास. वर चहूबाजूंनी बाहेर वळवलेली कड, त्यामुळे ट्रे भोकात अडकवून लोंबता ठेवता येतो. सगळ्यांत मोठा गुण म्हणजे एकाच पत्र्यातून दाबून काढलेला असतो. कुठेही जोड नाही. उत्तर अमेरिकेतले हौशी मेपलवाले नेमके हेच ट्रे वापरतात. सिमेंटच्या पोकळ विटांची लांबट चूल रचायची, वर दोन-तीन ट्रे कडेवर अडकवायचे, खाली लाकूड सारायचे.

तर ओन्टारियोच्या ताई, तुमचे भांडे हे. पूर्ण मापाचे दोन ट्रे, खोली शंभर किंवा दीडशे मिलिमीटर. मोडीत निघालेल्या हॉटेलांच्या सामानात ते जुने मिळतात आणि जुने चालतात. मेपलच्या एका भोकाला सबंध हंगामात चाळीस लिटरांच्या आसपास रस येतो, तोही काही आठवडे थोडा थोडा. तीन झाडांचा रस एका दिवशी अंगावर येत नाही. दोन ट्रेंतून जाळ चांगला लागला तर तासाला दहा-बारा लिटर पाणी उडेल. शनिवारची दुपार पुरे. ट्रेमध्ये रस दीड-दोन इंच ठेवा, एक इंचाखाली कधीही जाऊ देऊ नका. नवा रस घालताना बादली ओतू नका, उकळी बसते आणि ती पुन्हा येईपर्यंतचे लाकूड फुकट जाते. एका डब्याच्या तळाला बारीक भोक पाडून तो ट्रेच्या कडेवर ठेवा. धार करंगळीपेक्षा बारीक हवी.

आणि जाळ तळालाच लागू द्या. रसाच्या पातळीच्या वर कोरड्या बाजूला ज्योत चाटत राहिली की तिथे उडालेले शिंतोडे जळतात, आणि तो जळका वास सगळ्या पाकात उतरतो. काहिल चुलवाणावर बसवताना गवंडी काठाशी मातीने जागा लिंपून घेतो, त्याचे एक कारण हेच. तुम्ही विटा आणि ट्रेची बाजू यांच्यामधल्या फटीतून ज्योत वर येणार नाही असा बंदोबस्त करा.

आता धातूकडे. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण या विषयातली माझी सर्वांत आवडती गोष्ट सिंगापूरची आहे.

लिटल इंडियाच्या उत्तरेला बॅलेस्टियर रोड आहे. आज तिथे दिव्यांची आणि बाथरूमच्या सामानाची दुकाने आहेत. १८३० आणि ४० च्या दशकांत तिथे ऊस उभा होता. जोसेफ बॅलेस्टियर हा सिंगापुरातला पहिला अमेरिकन वाणिज्यदूत. त्याने या भागात सुमारे हजार एकरांचा उसाचा मळा केला आणि साखर काढली. ब्रिटिश बाजारात इतर वसाहतींच्या साखरेला जकातीची जी सवलत होती ती सिंगापूरच्या साखरेला मिळाली नाही. १८४८ पर्यंत मळा बुडाला. त्याची बायको मरिया ही बॉस्टनच्या पॉल रिव्हियरची मुलगी. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला घोडेस्वार म्हणून अमेरिकेत शाळेतली मुलेही रिव्हियरला ओळखतात. पण तो पेशाने चांदीचे आणि तांब्याचे काम करणारा कारागीर होता. घंटा ओतायची भट्टी त्याने घातली आणि १८०१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कँटनला तांब्याचा पत्रा लाटण्याची गिरणी काढली. मरियाबाईंनी १८४३ मध्ये बापाच्या त्या भट्टीतली एक घंटा सिंगापूरच्या सेंट अँड्र्यूज चर्चला दिली. अट अशी की रोज रात्री आठ वाजता ती पाच मिनिटे वाजवावी. ती घंटा आज इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

मेपलचा रस आटवणाऱ्या मुलखातली, तांब्याचा पत्रा लाटणाऱ्या घरातली मुलगी विषुववृत्ताजवळ उसाच्या मळ्याची मालकीण होते, ही गोष्ट मला कितीही वेळा सांगायला आवडते. त्या काळी वेस्ट इंडीजपासून सगळीकडे साखर एकाच जाळावर ओळीने मांडलेल्या उघड्या कढयांत आटवत; मजूर पळ्यांनी रस एकीतून दुसरीत ओतत जात. नेमक्या त्याच १८४३ साली न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिल्यूने बंद भांड्यांत, कमी दाबाखाली, एका भांड्याच्या वाफेवर पुढचे भांडे उकळवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. आजचा प्रत्येक साखर कारखाना त्याच तत्त्वावर चालतो. उघडे भांडे तेव्हापासून आपल्यासारख्या लहान लोकांकडे राहिले.

रिव्हियरची तांब्याची पेढी मात्र टिकली. तिच्यातून पुढे आलेल्या कंपनीने १९३९ मध्ये बाहेरून तळाला तांबे चढवलेली स्टीलची भांडी बाजारात आणली. आपल्याकडे कॉपर बॉटम म्हणून जी पातेली घरोघर आली, ती त्याच जातीची. त्यामागचा विचार असा: तांबे उष्णता स्टेनलेस स्टीलच्या वीस-पंचवीस पट वेगाने पसरवते. मग प्रश्न येतोच, आणि करवीरच्या वाचकांनी तो विचारलाही आहे: रस आटवायला तांब्याचे भांडे उत्तम नव्हे का?

नाही. रस पातळ असेपर्यंत तरी नाही. जाळाची उष्णता पत्र्यापर्यंत पोचताना जी अडते, ती अडवणूक फार मोठी असते. पत्र्यातून रसात जाताना एक मिलिमीटर स्टील जे अडवते, ते त्यापुढे नगण्य आहे. तांब्याचा पत्रा घेऊन तुम्ही त्या नगण्य भागात सुधारणा करता आणि पैसे मोजता कितीतरी पट. सुधारणा करायचीच तर जाळाच्या बाजूने करावी. आपल्याकडे गुळाच्या काहिलीला खालून पट्ट्या जोडून जाळ भिडण्याची जागा वाढवण्याचे आणि इंधन वाचवण्याचे प्रयोग झाले आहेत. मेपलवाल्यांच्या मोठ्या पॅनला खालून खोल घड्या असतात त्याही त्यासाठीच. शिवाय तांबे म्हणजे कल्हई आली, आणि कथील २३२ अंशांना वितळते. जाळावर भांडे क्षणभर कोरडे पडले की कल्हई गेली.

लोखंडाची काहिल स्वस्त आणि दणकट. पिढ्यान्‌पिढ्या गूळ तिच्यातच झाला. पण रसातल्या द्रव्यांशी लोखंडाची गाठ पडली की रंग गडद होतो, आणि वापराविना पडली की गंजते. काकवी काचेच्या बाटलीत विकायची असेल तर गिऱ्हाईक आधी रंग पाहणार. गॅल्व्हनाइज्ड पत्रा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, स्वस्त म्हणून कुणी सुचवेल. घेऊ नका, उसाच्या आंबूस रसात जस्त उतरते. मेपलच्या जुन्या पॅनबाबतही ताईंना सावध करतो. शिसे असलेल्या डाखाने जोडलेली जुनी पॅन अजून विक्रीला येतात. दिसायला सुरेख असतात, भिंतीवर लावावीत.

उरले स्टेनलेस स्टील. इथे बाजारात फसगत होते ती ग्रेडमध्ये. आपल्याला हवे ३०४. स्वस्त भांडी बहुधा २०२ ची असतात. त्यांत निकेल कमी, मँगनीज जास्त आणि गंजाला प्रतिकार कमी. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो की पाहा, चिकटत नाही. त्यावर विश्वास ठेवू नका, कारण २०२ लाही चुंबक चिकटत नाही. स्टीलचा पत्रा किंवा भंगार विकणाऱ्यांकडे तपासणीच्या द्रावणाची बाटली असते. पत्र्यावर थेंब टाकला की मँगनीज जास्त असलेला पत्रा रंग दाखवतो. ते तुमच्यासमोर करून घ्या आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. फ्लॅटमध्ये इंडक्शन वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: हॉटेलचा ३०४ चा ट्रे इंडक्शनवर तापणारच नाही, तिथे तळाला चुंबकीय थर असलेलेच भांडे लागते.

आता करवीरच्या काका, तुमचे भांडे. हॉटेलचा ट्रे तुम्हाला लहान पडेल. उसाचा रस मेपलपेक्षा फार फेसाळतो, मळी वर येते, ती काढायला झारा फिरला पाहिजे. तुम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाऊन चार फूट बाय दोन फूट तळाचे आणि आठ इंच उंचीचे पॅन करून घ्या. अठरा गेजचा पत्रा, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. आठ बाय चारच्या शीटमधून पाच फूट चार इंच बाय तीन फूट चार इंच तुकडा काढायचा. त्याचे वजन पंधरा-सोळा किलो भरते. पत्रा किलोने मिळतो, त्यामुळे हिशेब तुम्हाला दुकानात उभ्या उभ्या करता येईल. कोपरे कापून वेल्डिंग करायला सांगू नका. चारही कोपरे न कापता लिफाफ्यासारखे बाहेरच्या बाजूला दुमडून घ्यायला सांगा. पत्रा अखंड राहतो, गळायला जागाच उरत नाही आणि वेल्डिंगची मजुरी वाचते. वरची कड लोखंडी पट्टीवर वळवून घ्या, नाहीतर जाळावर पत्रा डुगडुगतो. कड्या लावायच्याच तर तेवढे आर्गन वेल्डिंग.

आठ चौरस फूट तळाला तासाला तीस लिटर धरा. शंभर लिटर रस यात एकदम ओतला तर पाच इंचांवर जाईल आणि फेस बाहेर येईल. पन्नास-पन्नासची दोन आधणे करा, एक सकाळी, एक दुपारी. फेस चढलाच तर तेलाचा एखादा थेंब पुरतो, हे गुळव्याला विचारले तर तोही सांगेल. भेंडीच्या चिकाने मळी काढायची रीत आपण पाचव्या भागात पाहिली आहे. ती या पॅनमध्ये जास्त सोपी जाते, कारण रस उथळ असतो आणि झारा थेट कोपऱ्यापर्यंत पोचतो.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगाचा: एका भांड्यात सुरुवात आणि शेवट दोन्ही करू नका. पन्नास लिटरांची काकवी होते दहा लिटर. तेवढी त्या रुंद तळावर पसरली तर अर्ध्या इंचाची उरेल आणि हमखास लागेल. पंधरा-सोळा लिटर उरले की जाळ ओढून घ्या, गरम रस कापडातून गाळून जाड तळाच्या पातेल्यात घ्या आणि शेवट गॅसवर सावकाश करा. पाक घट्ट झाला की तो स्वतःहून खळखळून फिरत नाही, एका जागी बसतो, आणि तिथेच जाड तळ उष्णता पसरवून वाचवतो. रिव्हियरच्या तांब्याला मान इथे आहे. तुमच्या घरातले जुने कॉपर बॉटम पातेले माळ्यावरून काढा. नवे काही घेऊ नका. इथून जवळच मलाक्का आहे. तिकडचा माडाचा गूळ, गुला मलाक्का, शेवटी गोल बुडाच्या कढईत घोटतात त्यामागेही हेच आहे: रस कमी होत मध्यभागी गोळा होतो आणि ढवळणाऱ्याच्या हाताखाली राहतो.

म्हणजे खरेदी एकाच भांड्याची, रुंद आणि उथळ. दुसरे घरात आहेच.

त्या शेवटाला पातेले नेमके कधी उतरवायचे, पाण्याच्या उकळबिंदूच्या किती अंश वर मेपल आणि किती वर काकवी, हे पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर दोघांनीही एक काम करा. पत्रा किंवा ट्रे घेण्याआधी चुलीच्या तोंडाची लांबी-रुंदी टेपने मोजून ठेवा. पॅन त्या तोंडापेक्षा चहूबाजूंनी इंचभर मोठे बसले पाहिजे, त्याहून जास्त नको.